नातेवाइकाचे भिंग

माझा एक पुतण्या साताऱ्यास असतो. येत्या मार्गशीर्षात त्याच्या मावसबहिणीचे लग्न सांगलीस व्हावयाचे आहे. आणि नात्यागोत्यात बरासा कॅमेरा बाळगणारा तोच एक असल्याने छायाचित्रांचे काम कोणी न सांगताच त्याच्या गळ्यात पडले आहे. पंधरवड्यापूर्वी तो माझ्याकडे एक यादी घेऊन आला. यादीत चार भिंगे होती: १६ ते ३५ मिलिमीटरचे एक, २४ ते ७० चे एक, ७० ते २०० चे एक, आणि ह्या तिन्ही झूम भिंगांखेरीज एफ १.४ एवढ्या मोठ्या तोंडाचे ८५ चे एक. पैकी दोन त्याच्यापाशी आहेत, दोन पुण्याहून भाड्याने आणावयाची. ‘काका, परगावचे लग्न आहे. ऐन वेळी काही कमी पडले तर साताऱ्यास परत येता यायचे नाही. ह्यात काही राहिले आहे का, तेवढे पाहा.’ मी चारही नावे खोडली आणि यादीत नसलेले एक लिहिले: त्याच्याच कपाटात जुने म्हणून पडून असलेले ३५ मिलिमीटरचे, एफ १.८ चे लहानसे भिंग. मुलाचा चेहरा उतरला. माझे भांडण त्याच्याशी नाही. ज्या जाणकारांनी त्याला ही यादी करून दिली त्यांच्याशी आहे, आणि ते जाणकार आज गावोगाव झाले असल्यामुळे ते चारचौघांत मांडणेच बरे.

त्यांचे सूत्र असे की, लग्न एकदाच होते, तेव्हा काहीही निसटता कामा नये. पैसे देऊन बोलावलेल्या छायाचित्रकारास हे सूत्र शोभते. तो बिचारा कार्यालयात पाऊल टाकतो तेव्हा नवरीची आत्या कोण आणि आचाऱ्याची बायको कोण, हे त्यास ठाऊक नसते. कोणता चेहरा पुढे मोलाचा ठरेल हे कळण्यास मार्ग नसल्यामुळे तो सगळेच गोळा करतो, आणि आपले अज्ञान भिंगांच्या संख्येने भरून काढतो. त्याचा तो धंदा आहे. त्यात त्याचा दोष काहीच नाही. परंतु सांगलीच्या ह्या लग्नात असा मनुष्य आधीच ठरविलेला आहे. त्याच्या जोडीस व्हिडिओवाला आहे, आणि वरातीच्या वेळी डोक्यावर ड्रोनही घोंघावणार आहे म्हणे. असे असता माझ्या पुतण्याने तेथे जाऊन, त्याच्याहून कमी सरावाचा आणि बिनपैशाचा, असा दुसरा फोटोवाला व्हावे, हा सल्ला कसला?

प्रथम त्या लांबच्या भिंगाचे पाहू. २०० मिलिमीटरचे भिंग आडव्या रेषेत जेमतेम १० अंशांचा प्रदेश पाहते, ३५ चे ५४ अंशांचा. (हे आकडे ३५ मिलिमीटरच्या फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याचे आहेत, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हेच काम २४ चे भिंग करते.) एका माणसास कमरेपर्यंत चौकटीत बसवावयाचे तर २०० चे भिंग लावून सुमारे ८ मीटर मागे सरावे लागते, ३५ चे लावले असता दीड मीटरवर उभे राहिले की झाले. कार्यालयातील त्या ८ मीटरांत काय काय असते हे ज्याने एकदा तरी अक्षता टाकल्या आहेत त्यास सांगावयास नको. खुर्च्या, पोरे, फेटे, आहेराच्या पिशव्या सांभाळणाऱ्या बायका आणि व्हिडिओवाल्याची विस्तीर्ण पाठ! ह्यावर जाणकार म्हणतात की, लांबून टिपले म्हणजे माणसास पत्ता लागत नाही आणि त्याचे भाव नैसर्गिक येतात. पण ज्याला पाहून माणसे अवघडतात त्याला लपावे लागते. मावशीचा मुलगा समोर उभा राहिला म्हणून कोणती मावशी अवघडते? ती फार तर ‘अरे, जेवलास का?’ असे विचारील. आणि ते विचारतानाचा तिचा चेहरा आठ मीटरांवरून कोणाच्या बापास मिळावयाचा नाही. एवढ्यासाठी किलो-दीड किलोचे ओझे गळ्यात बांधून दिवसभर हिंडावयाचे, आणि कोणी ‘जरा पाण्याचे पिंप उचल’ म्हटले की ते ठेवावयास जागा शोधावयाची!

लांबचे भिंग निदान निरुपद्रवी तरी आहे. माझा खरा राग त्या ८५ मिलिमीटरच्या एफ १.४ वर आहे. त्याचे तोंड पूर्ण उघडे ठेवून दोन मीटरांवरील माणसाचे चित्र घेतले तर स्पष्टतेची खोली अवघी साडेचार सेंटिमीटर भरते. म्हणजे नवरीचा डोळा स्पष्ट, कान अंधूक, आणि तिच्या मागील अवघे गणगोत म्हणजे रंगीत धुके. ह्या धुक्यास हल्ली सौंदर्य म्हणतात. त्याच्या तऱ्हा सांगणारे रसिक आहेत आणि त्याच्या लोण्यासारख्या मऊपणासाठी भिंगाच्या चौपट-पाचपट किमती मोजणारे हौशी आहेत.

मीही मोजली होती. बारा वर्षांपूर्वी सांगलीसच माझ्या आतेबहिणीचे लग्न झाले. ते भिंग मी नुकतेच घेतले होते, आणि त्या दिवशी दुसरे लावलेच नाही. माझी थोरली काकू मंगलाष्टकांच्या वेळी मागे खांबापाशी उभी होती. आदल्या चार रात्री सामानाच्या याद्या, रुखवत, पाहुण्यांची अंथरुणे तिनेच पाहिली होती. नवरीला लहानपणी न्हाऊमाखू घातले होते तेही तिनेच. पुढे दोन वर्षांनी ती गेली. तेराव्यास हार घालावयास तिचा फोटो पाहिजे म्हणून मी त्या लग्नातील शेकडो चित्रे काढून बसलो. अकरा चित्रांत ती होती. अकराही चित्रांत जांभळ्या काठाचा एक पांढुरका डाग होता. डागाला नाक नव्हते, डोळे नव्हते. तो ती होती हे मला काठावरून कळले. अखेर कोणा पोराने मोबाइलवर सहज काढलेला एक फोटो निघाला. त्यात ती वाढप्यांस काही बजावीत होती आणि तिच्यामागच्या पातेल्यांपर्यंत सगळे लख्ख दिसत होते. हार त्याला घातला. ह्या साध्या मोबाइलवरही आता पुढचा चेहरा ठेवून मागचे गणिताने पुसून टाकण्याची सोय झाली आहे, आणि तिला प्रगती म्हणतात.

काकू मागे का उभी होती, हे मराठी वाचकास सांगावे लागू नये. ती विधवा होती. कोणी तिला ‘मागे हो’ म्हटले नव्हते. म्हणण्याची गरज नव्हती. लग्नघरात मागे कोण उभे असते ह्याचा विचार करावा: विधवा, घटस्फोटिता, गरीब चुलता, साधे लुगडे नेसून आलेली गावाकडची मामी, आणि जिच्यावाचून कार्य तडीस जात नाही अशी राबणारी बाई. भिंगाने जे धूसर केले ते रूढीने आधीच मागे लोटलेले असते. आणि हे कोणत्या मुलखात? ज्या सातारा जिल्ह्यातील कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या मुलखात. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून लग्नातली बडेजावाची आणि मध्यस्थांची अडगळ दूर करावयास आरंभ केला. सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला, त्यास सांगली हे नाव १९६० साली मिळाले. त्याच्या आधीच्या अखंड साताऱ्यात, बेचाळीसच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारने थोडक्या खर्चाची ‘गांधी-लग्ने’ लावून दाखविली. सांगलीच्या शेजारी, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो तर अगदी अलीकडे, २०२२ साली. एवढे सगळे खांबापाशी उभ्या असलेल्या बाईला पुढे आणण्यासाठी झाले. आणि आम्ही पदरचे पैसे मोजून असे भिंग घेतो की जे तिला होती तेथेही राहू देत नाही!

कोणी म्हणेल, धूसरता ही कलेची जुनी वहिवाट आहे. जुनी आहे, पण वहिवाट नव्हे. पेट्झवालने १८४० साली व्हिएन्नात माणसांच्या चेहऱ्यांसाठी पहिले मोठ्या तोंडाचे भिंग सिद्ध केले, तेव्हा त्याचा मध्य स्वच्छ असे आणि कडा विरघळत. ती त्या भिंगाची उणीव होती, आणि पुढील भिंगकारांच्या कित्येक पिढ्या ती घालविण्यात खर्ची पडल्या. साताऱ्याच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माजघरात लग्नाचा समूहफोटो टांगलेला असतो तो पाहावा. मोठ्या काचेवर चित्र घेणाऱ्या त्या छायाचित्रकारास खोली फारच थोडी मिळे. म्हणून तो भिंगाचे तोंड बारीक करी आणि सर्वांस क्षणभर श्वास रोखून बसावयास लावी. एखादे पोर हलले तर त्याला दोन डोकी येत. पण शेवटच्या रांगेत, अगदी कडेला, आलवण नेसलेली जी कोणी उभी आहे तिच्या कपाळावरची आठी मोजता येते. अशा फोटोसमोर घरातली माणसे काय करतात? बोट ठेवून विचारतात, ‘ही कोण?’ कौटुंबिक छायाचित्राचा उपयोग तो हाच. आणि ८५ च्या भिंगाने काढलेल्या चित्रापुढे हा प्रश्नच विचारता येत नाही.

आता अंतरपाटाचे. सर्व लग्नात ह्या एका जागेस मी मान देतो. वधूवर समोरासमोर, मध्ये पाट धरलेला, दोहोंच्या मागे मामा. पैसेवाला छायाचित्रकार बहुधा एका बाजूस नवरीचा चेहरा धरून उभा राहतो, कारण अल्बमात तोच विकला जातो. नातेवाइकाची जागा पाटाच्या टोकाशी आहे. पाट धरणाऱ्याच्या खांद्यामागे, आडव्या अंगाने. तेथून अडीच-तीन मीटरांवर ३५ च्या भिंगात नवरा, नवरी, दोन्ही मामा आणि मागल्या दोन ओळी एका चित्रात मावतात. तोंड एफ ४ वर ठेवले आणि तीन मीटरांवर नेम धरला, तर सुमारे २.३ पासून ४.२ मीटरांपर्यंत सगळे स्पष्ट राहते. त्यामागील माणसे थोडी मऊ होतात, पण ओळखू येतात. १६ चे भिंग ह्याहून पुष्कळ अधिक जागा घेईल, परंतु कडेच्या मामांची डोकी भोपळ्यासारखी ताणील, आणि मामा आधीच मानापमानाच्या बाबतीत हळवा. पाट दूर होतो, अक्षतांचा शेवटचा वर्षाव होतो, आणि दोघे एकमेकांस पाहतात, त्यास किती वेळ लागतो? भिंग बदलावयास लागतो त्याहून पुष्कळच कमी.

मग ४ वरच ठेवावयाचे तर तोंड १.८ चे कशास? गौरीहरापाशी बसलेल्या नवरीच्या कोपऱ्यात समईखेरीज उजेड नसतो, आणि वरात निघते तेव्हा रस्त्यावर काय मिळेल ते खरे. तेथे १.८ चे तोंड ४ च्या पाचपट उजेड आत घेते. दार मोठे असावे. ते सदा सताड उघडे टाकावे असे नव्हे. कार्यालयातील दिव्यांविषयी एकच सूचना: आपल्या विजेवर कित्येक दिवे सेकंदास १०० वेळा लुकलुकतात, डोळ्यास कळत नाही, पण शटर फार जलद ठेवले तर चित्रावर पट्टे उमटतात. सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग धरावा. पन्नासाव्यास मात्र माणसे जागची हलत नाहीत तोवरच.

२४ ते ७० च्या झूमविषयी मला मुलाशी थोडे नमते घ्यावे लागले. एफ २.८ चे ते भिंग खरोखर गुणी आहे, आणि आजचे कॅमेरे थोड्या उजेडातही इतके निभावून नेतात की, उजेडाचा जुना आक्षेप पुष्कळसा लटका पडला आहे. मी धंद्यावर असतो तर तेच नेले असते. पण झूमची एक खोड आहे. माणूस लांब दिसले की हात कडे फिरवितो आणि पाय जागच्या जागी राहतात. ३५ चे भिंग लावले की आजीचा चेहरा मोठा पाहिजे असेल तर आजीपाशी जावे लागते. जवळ गेले की ती हात धरते, कोणाचा कोण ते विचारते, आणि पुढचे चित्र आपोआप होते. एका भिंगाने काही निसटेल हे कबूल. निसटेल ते तो दुसरा घेईल. त्यासाठी त्यास पैसे दिले आहेत.

परगावची धास्ती मात्र वाजवी आहे. तिच्यावर उपाय भिंगे वाढविणे हा नव्हे. पडझडीसाठी ५० मिलिमीटरचे एफ १.८ चे एक हलके भिंग खिशात असावे. ते दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर भरते. दोन जास्तीच्या बॅटऱ्या, दोन कार्डे, पुसावयास स्वच्छ फडके. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनापूर्वी, रिकाम्या कार्यालयात एकदा हिंडून खांब कोठे आहेत ते पाहून ठेवावे. खांबांचे मी मुद्दाम सांगितले.

परवा मुलाचा निरोप आला. पुण्याचे भाडे रद्द केले आहे. जुन्या ३५ मध्ये आत बुरशीचा एक ठिपका दिसतो, चालेल काय? ठिपका बारीक असेल तर चित्रावर दिसत नाही, खुशाल ने, असे कळविले. आणि मावशीच्या सासूबाई त्या दिवशी कोठे बसणार आहेत ते आधीच विचारून ठेवावयास सांगितले.