गाय वारणेची, वैरण कोणाची?

कोरडवाहू भागातून वारणानगरला जाणाऱ्या अभ्यासदौऱ्यांना खंड नाही. गाडीतून उतरलेला कापूसवाला तिथली गाय पाहतो, तिची कास पाहतो, दुधाच्या कॅनांची रांग पाहतो आणि परतीच्या वाटेवर एकच प्रश्न विचारतो: "अशी गाय केवढ्याला पडते?"

आम्हाला वाटते, घोडे इथेच पेंड खाते. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ही गाय व्यायल्यापासून पहिले शंभर दिवस काय खाते आणि ते येते कुठून?

वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी आधी साखर कारखाना उभा केला. दूध संघ आला त्यानंतर, 1968 साली. हा क्रम ध्यानात घ्या. आधी नदीचे पाणी शिवारात आले, मग ऊस आला, उसाबरोबर वाढे आले, बांधावर हिरवी वैरण आली. कोल्हापूर जिल्ह्यात गावच्या दूध संस्थेत पशुखाद्य मिळते, त्याचे पैसे दुधाच्या बिलातून वळते होतात आणि बिल दर दहा दिवसांनी निघते. गाय ही या साखळीची शेवटची कडी आहे. आम्ही मात्र शेवटची कडी हातात घेऊन साखळी शोधत फिरतो.

सरकारनेही तेच केले. जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले. कापसाला भाव मागणाऱ्याच्या दारात त्या काळात निम्म्या अनुदानावर दुभती गाय आणून बांधली गेली. गाय आली, पण तिची वैरण आली नाही, पाणी आले नाही, दूध घेणारा आला नाही. कित्येकांनी ती गाय मिळेल त्या किमतीला विकली. मग साहेब लोक म्हणाले, विदर्भाच्या शेतकऱ्याला दुधाचा धंदा जमत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे कोणी विचारले नाही.

आता गाईच्या पोटात काय चालते ते समजून घेऊ. व्यायल्यावर गाईचे दूध भराभर चढते आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यात टोकाला पोचते. तिची खाण्याची ताकद मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. ती पुरती खायला लागते दहाव्या ते चौदाव्या आठवड्यात. मधल्या काळात दूध जास्त आणि खाणे कमी. ही तूट ती अंगातल्या चरबीतून भरते. वजन तीस-चाळीस किलोने सहज उतरते. मालक खूश असतो, कारण बादली भरलेली असते. पण ते दूध खाद्याचे नसते, ते गाईच्या अंगातले असते. आम्ही सावकाराच्या पैशावर पेरणी करतो, तशी ही गाय स्वतःच्या हाडामांसावर दूध देते. कर्ज फिटले नाही की दूध उतरते, गाय वेळेवर माजावर येत नाही आणि पुढचे वेत लांबते. भाकड गाय दावणीला ठेवण्याचा खर्च कोणत्याही अनुदानाच्या कागदावर नसतो.

म्हणून तयारी व्यायच्या आधी सुरू होते. विण्याआधी दोन महिने धार बंद करावी. शेवटचे दोन-तीन आठवडे खुराक हळूहळू वाढवत रोज दोन किलोपर्यंत न्यावा, म्हणजे पोटाला सवय होते. या दिवसांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नयेत. त्याने उलट व्यायल्यावर दुग्धज्वराचा धोका वाढतो. वासराला पहिल्या तासाभरातच चीक पाजावा. खरवस त्यानंतर. व्यायल्यावर एकदम टोपलीभर आंबोण पुढे ठेवू नये. दर दोन-तीन दिवसांनी पाव ते अर्धा किलो वाढवत जावे आणि दूध वाढायचे थांबेल तिथे थांबावे. अंगासाठी दीड किलो आणि दर लिटर दुधामागे 400 ग्रॅम, असा साधा हिशेब आहे. म्हणजे दहा लिटरच्या गाईला साडेपाच किलो खुराक, सोबत हिरवी वैरण, कडबा, 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि दिवसाला 60 ते 80 लिटर पाणी. हे पाणी उन्हाळ्यात घरातल्या बाईच्या डोक्यावरून येणार असेल, तर गाय घेण्याआधी तिला विचारा.

खुराक परवडत नाही, असे पुष्कळजण म्हणतात. हिशेब मांडू. टोकाच्या दिवसांत एक लिटर दूध कमी पडले की सबंध वेतात सुमारे 200 लिटर कमी पडते. खुराक हात राखून दिल्याने तीन लिटर गेले, तर वेतात 600 लिटर गेले. लिटरला 30 रुपये धरले तर 18,000 रुपये बुडाले. तेवढ्या दुधाला लागणारा खुराक 240 किलो. किलोला 30 रुपये धरले तर 7,200. म्हणजे 7,200 वाचवायला गेलो आणि 18,000 गमावले. दर आपापल्या गावचे घालून हे गणित घरी करून पाहा. शिवाय उपाशी गाईच्या दुधाची एस.एन.एफ. घसरते आणि डेअरीवाला त्याचेही पैसे कापतो.

आता खरी गोम पाहा. एक क्विंटल कापसात रुई निघते सुमारे 34 किलो आणि सरकी 60 किलोच्या वर. उसाच्या पट्ट्यातल्या गोठ्यात सरकी पेंड लागते, ती उसातून निघत नाही. ती कापूसवाल्याच्या घामातून जाते. आम्ही कापूस विकतो तेव्हा भावाची चर्चा होते रुईची, सरकी निमूट सोबत जाते आणि तीच पेंड होऊन पोत्याच्या भावाने आमच्या गावात परत येते. कडब्याचेही तसेच. 1990 नंतर सोयाबीन वाढले, खरीप ज्वारी मागे हटली आणि तिच्याबरोबर कडबाही गेला. ज्वारीच्या भावाचा हिशेब करताना कडब्याची किंमत आम्हीच धरली नाही. उरलेला कडबाही अख्खा टाकला तर मोठा भाग पायाखाली जातो. कुट्टी केली तर तो गाईच्या पोटात जातो. पण नुसत्या कडब्यात प्रथिने शेकडा तीन-चार, त्यावर दुभती गाय जगेल, दूध देणार नाही. कडबा आणि सरकी एकत्र आली तरच दावण भरते. या दोन्ही वस्तू आमच्याच शेतातल्या आहेत.

वेळही साधली पाहिजे. मार्गशीर्ष-पौषात भरवलेली गाय भाद्रपद-आश्विनात विते. त्या वेळी बांधाला गवत असते, पुढे ज्वारीचा कडबा आणि नवी सरकी येते. पहिले शंभर दिवस घरच्या वैरणीवर निघतात. फाल्गुन-चैत्रात व्यालेली गाय कोरडवाहू माणसाला विकतच्या वैरणीवर पोसावी लागते.

इथे मात्र एक पेच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आमची गाय स्वस्तात पोसली जाते तो दुधाचा पुष्ट काळ, आणि पुष्ट काळ आला की दर पाडले जातात. जुलै 2018 मध्ये दूध रस्त्यावर ओतले तेव्हा 25 रुपयांची घोषणा झाली. जुलै 2024 मध्ये 30 रुपये दर आणि वर 5 रुपये अनुदान जाहीर झाले. ज्या गावात दूध घेणारे केंद्रच नाही, त्या गावाला यातला एक पैसाही मिळत नाही. गाय पोसण्याचे शास्त्र आम्ही शिकू, पण भावाच्या मारावर आंबोणाचा इलाज नाही. ती लढाई वेगळी आणि ती लढावीच लागेल.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. गाईसाठी कर्ज किंवा अनुदान मागण्याआधी शंभर दिवसांची वैरण घरात आहे का, हे प्रत्येकाने मोजावे. चार-पाच घरांनी मिळून कुट्टी यंत्र घ्यावे आणि सरकी पेंड हंगामात एकत्र घ्यावी. आणि सरकारकडे मागायचे असेल तर गाय मागू नये. गावात दूध घेणारे केंद्र, दहा दिवसांनी बिल आणि पुष्ट काळात न पडणारा दर मागावा. एवढे मिळाले तर गाय आम्ही आमच्या पैशाने घेऊ.

वारणेला जरूर जा. पण येताना गाय आणण्याआधी तिथल्या गव्हाणीत हात घालून पाहा.