गेम अर्धवट, राग मात्र पूर्ण! ‘अर्ली ॲक्सेस’वर खेळाडू एवढे का चिडतात?

२६ जानेवारी २०२१. प्रजासत्ताक दिनाचा मुहूर्त साधून ‘फौ-जी’ हा गेम प्ले स्टोअरवर आला. पब्जी मोबाइलवर बंदी येऊन पाच महिने होत आले होते आणि पोरं नव्या गेमसाठी आसुसलेली होती. गेम उघडला तर आत गलवान खोऱ्यातली एक कथा होती, ती एकट्याने खेळायची. मित्रांना घेऊन खेळायचे जे प्रकार होते, त्यांच्यावर पाटी लागली होती : ‘कमिंग सून’.

म्हणजे लोक ज्यासाठी थांबले होते, नेमकं तेच नव्हतं.

मग व्हायचं ते झालं. काही दिवसांत गेमचं रेटिंग घसरत तीनच्या आसपास आलं. त्यातले बरेच एक स्टार ‘हा पब्जीसारखा नाही’ म्हणून दिलेले होते, आणि ते थोडं अन्यायाचंच होतं. पण राग नुसता त्याचा नव्हता. पब्जीवर बंदी आली २ सप्टेंबर २०२० ला आणि ४ तारखेला अक्षय कुमारने फौ-जीची घोषणा केली. दसऱ्याला टीझर आला, त्यात नोव्हेंबर म्हटलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी सुरू झाली ती पूर्वनोंदणी. हातात गेम आला जानेवारीत, तोही एवढाच. पाच विरुद्ध पाच खेळायचा प्रकार जून २०२१ मध्ये आला, वेगळ्या ॲपमधून. त्या ॲपच्या नावातच दोन शब्द होते : ‘अर्ली ॲक्सेस’.

हे दोन शब्द आता कुठल्याही नव्या गेमसोबत दिसतात. आणि त्यांच्याभोवतीचा राग नीट समजून घ्यायचा तर आधी हा प्रकार काय आहे ते बघावं लागेल.

स्लॅब पडला, राहायला या

समजा एखाद्या बिल्डरने सांगितलं की पहिल्या मजल्याचा स्लॅब पडलाय, तुम्ही राहायला या. वरचं काम चालू राहील. कुठे गळतंय, कुठला नळ चालत नाही ते तुम्हीच सांगा, आम्ही दुरुस्त करत जाऊ. अर्ली ॲक्सेस म्हणजे साधारण हेच. गेम अजून बनतोय, पण लोकांना खेळायला दिलाय. त्यांच्या तक्रारी ऐकत उरलेला गेम बांधायचा.

कंप्युटरवरच्या गेमचं मोठं दुकान म्हणजे ‘स्टीम’. तिथे मार्च २०१३ मध्ये हा विभाग अधिकृतपणे सुरू झाला. स्टीम याबद्दल तसं सरळ बोलतं. गेम आत्ता आहे त्या अवस्थेत तुम्हाला खेळावासा वाटत नसेल तर थांबा, असं ते सांगतं. काही टीमना गेम पूर्ण करताच येणार नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलंय.

ही पद्धत मुळात वाईट आहे असंही नाही. ‘हेडीस’ डिसेंबर २०१८ पासून सप्टेंबर २०२० पर्यंत अशाच अवस्थेत होता. ‘बॉल्डर्स गेट ३’ तर ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३, जवळपास तीन वर्षं. दोन्ही गेम खेळाडूंच्या सूचना घेत घेत घडले आणि पूर्ण झाल्यावर लोकांनी डोक्यावर घेतले.

दुसऱ्या टोकाला ‘द डे बिफोर’ आहे. तो येण्याआधी स्टीमवर लाखो लोकांनी आपल्या यादीत टाकून ठेवला होता. ७ डिसेंबर २०२३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि चार दिवसांनी तो बनवणाऱ्या ‘फँटॅस्टिक’ स्टुडिओने कंपनी बंद करत असल्याचं जाहीर केलं. चार दिवस! लोकांना पैसे परत मिळाले, हे त्यातल्या त्यात बरं.

स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. २०२५ च्या सुरुवातीपासून आणखी एक सोय झाली. अर्ली ॲक्सेसमधल्या गेमला वर्षभरापेक्षा जास्त काळ अपडेट आलं नसेल, तर त्याच्या पानावर तशी सूचना दिसते.

पण हे सगळं कंप्युटरवाल्यांचं. आपल्याकडे गेम म्हणजे मोबाइल.

फुकट आहे, मग तक्रार कसली?

माझा मामेभाऊ कळंबला राहतो, बारावीत आहे. त्याच्याकडे ४ जीबी रॅमचा फोन आहे आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक. नवा गेम टाकायचा म्हणजे त्या दिवसाचा नेट संपला. वर गेमसाठी जागा करायची म्हणून घरच्या लग्नाचे व्हिडिओ उडवायचे, त्यावरून आईची बोलणी खायची ती वेगळीच. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसून खेळताना फोन इतका तापतो की गेम आपोआप अडखळायला लागतो.

गंमत अशी की बनवणाऱ्याला हवी असते ती नेमकी हीच माहिती. पुण्या-बेंगळुरूच्या ऑफिसात, एसीत, महागड्या फोनवर गेम छानच चालतो. अँड्रॉइड फोनचे प्रकार हजारो. प्रत्येकाची चिप, मेमरी, स्क्रीन वेगळी. कमी रॅमच्या फोनवर, एकच टॉवर धड चालतो अशा गावात गेम कुठे अडतो, हे तिथला खेळाडूच दाखवू शकतो. कंपन्या यासाठी पगार देऊन टेस्टर ठेवतात. अर्ली ॲक्सेसमध्ये त्यातलं बरंचसं काम कळंबचा पोरगा स्वतःचा नेट खर्च करून करतो.

त्यामुळे ‘फुकट तर आहे, मग रडता कशाला’ हे उत्तर मला पटत नाही. पैसे गेले नसतील, बाकी बरंच काही जातं.

आणि कधीकधी पैसेही जातात. गेल्या वर्षी या भावाने एका गेमच्या टेस्टमध्ये ३९९ रुपयांचा पास घेतला, मामाच्या यूपीआयवरून. टेस्ट संपली, पूर्ण गेम आला आणि खातं शून्यावर. पासही गेला, जिंकलेलं सगळंही गेलं. टेस्टमधली प्रगती पुढे जाणार नाही, असं अटींमध्ये लिहिलेलं होतं. इंग्रजीत, बरंच खाली. त्याने ते वाचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही वाचलं नसतं.

याच्या उलट उदाहरणही आहे. १७ जून २०२१ ला बीजीएमआयचा अर्ली ॲक्सेस सुरू झाला तेव्हा जागा भराभर संपल्या आणि ‘टेस्टर पूर्ण झाले’ असा संदेश दिसू लागला. पण क्राफ्टनने आधीच सांगितलं होतं की इथे घेतलेल्या वस्तू आणि प्रगती पूर्ण गेममध्ये राहील. २ जुलैला पूर्ण गेम आला. अर्थात त्यांचा गेम पब्जीच्या रूपाने आधीच तयार होता. ज्याला सगळं शून्यातून बांधायचंय, त्याला असा शब्द देणं कठीण जातं.

पुण्याचा ‘इंडस’ आणि २१ महिने

शून्यातून बांधणाऱ्यांमधलं आपल्या सगळ्यात जवळचं नाव म्हणजे पुण्याची ‘सुपरगेमिंग’. ‘मास्कगन’ याच कंपनीचा. २०२२ मध्ये त्यांनी ‘इंडस’ या बॅटल रॉयल गेमची घोषणा केली. भारतीय संस्कृतीवर बेतलेलं भविष्यातलं जग, विरलोक नावाचा ग्रह, कॉस्मियम नावाचं मौल्यवान द्रव्य. कल्पना भन्नाट होती, लोक लगेच अडकले. जानेवारी २०२३ मध्ये प्ले स्टोअरवर पूर्वनोंदणी सुरू झाली आणि पुढे ती १ कोटीच्या वर गेली. गेम सगळ्यांसाठी खुला झाला १६ ऑक्टोबर २०२४ ला.

म्हणजे २१ महिने. मधल्या काळात निवडक लोकांसाठी बंद दाराआडचा बीटा झाला, कंपनी कामाची माहितीही देत राहिली. पण ज्याला बीटाचं आमंत्रण आलं नाही, त्याच्यासाठी ‘कधी येणार’ हा एकच प्रश्न शिल्लक होता.

कंपनीच्या बाजूने बघितलं तर उशीर समजण्यासारखा आहे. एकाच वेळी अनेकांनी खेळायचा नेमबाजीचा गेम बनवणं फार किचकट काम. सर्व्हर सांभाळा, चीटिंग रोखा, स्वस्त फोनवर चालवून दाखवा. आणि खेळाडू तुलना करणार ती वर्षानुवर्षं मुरलेल्या बीजीएमआय आणि फ्री फायरशी. अशा वेळी कच्चा गेम घाईने सोडण्यापेक्षा थांबलेलं बरं, असं मला वाटतं. माझा आक्षेप उशिरावर नाही. गेम दूर असताना पूर्वनोंदणी उघडायची आणि तिचे आकडे यश म्हणून मिरवायचे, यावर आहे. पूर्वनोंदणी करायला एक टॅप लागतो, पण खेळाडू तो टॅप तारीख ठरल्यासारखाच घेतो. त्यात ‘आपला देशी गेम’ ही भावना मिसळली की तक्रार करणाऱ्यालाच गप्प केलं जातं.

पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ची गोष्ट याच्या अगदी उलट. ‘राजी’साठी त्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे आगाऊ पैसे मागितले. ठरलेली रक्कम जमली नाही, मोहीम फसली. टीमने तरीही गेम पूर्ण केला आणि २०२० मध्ये बाजारात आणला.

एक स्टार, जो कुणाला दिसत नाही

आता या सगळ्यातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट. फौ-जीवरचा राग जगाला कसा कळला? रेटिंगमधून. गेम पूर्ण म्हणून सोडलेला होता, त्यामुळे प्रत्येक स्टार सगळ्यांना दिसत होता. पण प्ले स्टोअरवर गेम बीटा किंवा अर्ली ॲक्सेसमध्ये असताना टेस्टरने लिहिलेला अभिप्राय फक्त बनवणाऱ्याला दिसतो. बाकी कुणाला नाही.

यामागचं कारण रास्त आहे. अर्धवट गेमचं नाव कायमचं खराब होऊ नये. पण त्याच अर्धवट गेममध्ये दुकान उघडं असेल, पास आणि स्किन विकले जात असतील, तर पुढच्या गिऱ्हाइकाला सावध करायची जागाच उरत नाही. मग राग यूट्यूब आणि इन्स्टावर फुटतो, तोही शिव्यांच्या रूपात. माझ्या मते नियम साधा असायला हवा. पैसे घ्यायचे असतील तर रेटिंगही सगळ्यांना दिसलं पाहिजे.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा आला. त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. अपुऱ्या गेमचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी जुनाच रस्ता आहे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यानुसार ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा, आणि ऑनलाइन खरेदीही त्यात येते. निव्वळ फुकट खेळणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, पण ३९९ रुपयांची पावती असेल तर दाद मागायला जागा आहे.

आधी प्ले स्टोअरवरच ४८ तासांच्या आत परतावा मागून बघायचा. नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी तक्रारदाराला बहुतेक वेळा कंपनीच्या गावी जावं लागायचं. आता तो राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार चालते. म्हणजे उमरगा, परंडा किंवा कळंबच्या माणसाला बेंगळुरू गाठायची गरज नाही, धाराशिवचा आयोग पुरतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुलगा अल्पवयीन असेल तर आईवडील तक्रार करू शकतात.

भावाला हे सगळं सांगितलं तेव्हा त्या ४८ तासांना सहा महिने होऊन गेले होते, आणि पावतीचा मेल मामाने कधीच उडवला होता. परवा त्याने आणखी एका गेमचा बीटा टाकलाय. या वेळी दुकानाचं बटण दाबायच्या आधी त्याने मला अटींचा स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, “दादा, यात ‘रिसेट’ कुठं लिहिलंय का बघ.”

लिहिलं होतं. नवव्या मुद्द्यात.