एका जिल्ह्यात दोन केसरी

आमच्या नगर जिल्ह्याने 2025 मध्ये एक अजब विक्रम केला. 2 फेब्रुवारी 2025 रोजी नगरच्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत, मार्चअखेरीस, याच जिल्ह्यातल्या कर्जतला सोलापूरचा वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. राज्य एक, जिल्हा एक, वर्ष एक आणि केसरी दोन. (जिल्ह्याचे सरकारी नाव आता अहिल्यानगर आहे, पण बोलताना तोंडात नगरच येते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

माझ्या चच्चांनी तरुणपणी उरुसात आणि जत्रेत हगामे गाजवलेले. आता गुडघे गेलेत, पण पेपरातली कुस्तीची बातमी सुटत नाही. कर्जतचा निकाल वाचून त्यांनी मला विचारले, "इन दोनों में खरा कौन है रे?" मी शिकलेला माणूस, पण मला उत्तर देता आले नाही. कुस्ती हा जगातला सर्वात सरळ खेळ मानला जातो. ज्याची पाठ लागली तो हरला. अशा खेळात "खरा कोण" हा प्रश्न एका जुन्या पैलवानाला पडत असेल, तर दोष पैलवानांचा नाही, स्पर्धा चालवणाऱ्यांचा आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने 1953 मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. 1961 मध्ये औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. पुढची साठ वर्षे गदा एकच होती. 2022 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली आणि कुस्तीगीर संघ नावाची दुसरी संघटना पुढे आली. परिषदेने हक्क सोडला नाही, संघानेही सोडला नाही. तेव्हापासून दोन चुली आहेत. 2025 मध्ये नगरची स्पर्धा संघाची होती, कर्जतची परिषदेची. एकीचे यजमान एका राष्ट्रवादीचे आमदार, दुसरीचे दुसऱ्या राष्ट्रवादीचे. यापुढे काही समजावून सांगायची गरज आहे का?

काही जण म्हणतात, दोन स्पर्धा झाल्या तर बिघडले काय? दुप्पट पोरांना संधी मिळते. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. आता नोव्हेंबर 2023 आठवा. पुण्याजवळ फुलगावला संघाच्या स्पर्धेत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अंतिम फेरीत हरवले आणि तो महाराष्ट्र केसरी झाला. त्यानंतर काही दिवसांतच धाराशिवला परिषदेच्या स्पर्धेत तोच राक्षे हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. म्हणजे एकाच महिन्यात एकच पैलवान हरलेलाही आहे आणि जिंकलेलाही आहे. यात सिकंदरला काय मिळाले? त्याच्या गदेला जोडीदार मिळाला. राक्षेला काय मिळाले? ज्याच्या तोंडावर "पण फुलगावला?" असे कुणीही फेकून मारू शकेल, असा विजय. दोघांच्याही मेहनतीची किंमत निम्मी झाली.

आणि ही किंमत फक्त मानाची नाही. नरसिंग यादव आणि विजय चौधरी प्रत्येकी तीन वेळा केसरी झाले आणि पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. खेड्यातला बाप म्हैस विकून पोराला पुण्या-कोल्हापूरच्या तालमीत ठेवतो, तो या आशेवर. खुराकाचा महिन्याचा खर्च घरातल्या सगळ्यांच्या जेवणापेक्षा जास्त असतो. उद्या नोकरीच्या दारात दोन केसरी उभे राहिले आणि साहेबाने विचारले, "तुमचे प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचे?" तर त्या बापाने काय सांगायचे?

दुसरा घोळ स्पर्धेच्या रचनेतला आहे. महाराष्ट्र केसरीत दोन विभाग असतात, माती आणि गादी. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. कल्पना सुंदर आहे. मातीत वाढलेला आणि मॅटवर वाढलेला यांची गाठ पडते. पण ही शेवटची गाठ गादीवर पडते. मातीतल्या पैलवानाने आयुष्यभर लाल मातीत घाम गाळायचा आणि सर्वात मोठी लढत दुसऱ्याच्या अंगणात खेळायची. शिवाय प्रत्येक विभागातून एकच जण पुढे जातो. म्हणजे विभागातल्या अंतिम लढतीत पंचांची एक चूक झाली की वर्ष संपले.

ही चूक किती महाग पडते ते आपण दोनदा पाहिले. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदरला बाहेरील टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि सिकंदर बाहेर गेला. त्यावरून समाजमाध्यमांवर जे झाले ते आठवून आजही वाईट वाटते. मोहोळच्या एका हमालाचा पोरगा हरला, यावर चर्चा व्हायला हवी होती ती टांगेची. झाली ती धर्माची. आपल्यातलेही अनेक जण बोलले, "शेख आहे ना, म्हणून."

मी तेव्हाही हे मानले नाही आणि आज तर मुळीच मानत नाही. कारण 2025 मध्ये वाडिया पार्कवर गादी विभागात मोहोळविरुद्ध पाठ टेकल्याचा निर्णय राक्षेविरुद्ध गेला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रीकरण पाहा, असे तो म्हणत राहिला. मग त्याने पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम लढतीत काही सेकंद उरले असताना गायकवाडने मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. राक्षे काही शेख नाही. गायकवाडही नाही. तरी दोघांना तेच वाटले जे 2023 मध्ये सिकंदरच्या चाहत्यांना वाटले होते. लाथेचे समर्थन मी करणार नाही. पंचावर पाय उचलणारा पैलवान आपल्या वस्तादाचीच इज्जत घालवतो. पण जिथे दाद मागायची ठरलेली, लेखी आणि सर्वांना दिसणारी वाट नसते, तिथे एक जण लाथ मारतो, दुसरा निघून जातो आणि तिसऱ्याच्या बाजूने लोक धर्म काढतात. तिन्ही रोगांचे मूळ एकच आहे.

म्हणून माझ्या मुस्लिम वाचकांना सांगतो, आपल्याला सहानुभूती नको, नियम हवा. 1980 ला इस्माईल शेख, 2002 ला मुन्नालाल शेख, 2005 ला सईद चाऊस, 2018 ला बाला रफिक शेख, मग सिकंदर. ही नावे कुणाच्या मेहेरबानीने गदेवर आलेली नाहीत. तालीम हा शब्दच अरबी, अर्थ शिक्षण. वस्ताद आणि पैलवान फारसीतून आले. मारुतीच्या तसबिरीखाली शेखाचा पोरगा जोर मारतो आणि पाटलाचा पोरगा त्याच्या अंगाला माती लावतो, ही या राज्याची साधी गोष्ट आहे. ती टिकवायची तर निकालावर कुणालाही शंका घेता येऊ नये.

हा रोग आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये अनेक वर्षे विजेता मैदानावर ठरतच नसे. पत्रकार एकाला पहिला क्रमांक देत, प्रशिक्षक दुसऱ्याला. 1997 च्या हंगामात मिशिगन आणि नेब्रास्का असे दोन विजेते झाले. लोकांनी ओरड केली. पुढच्याच हंगामापासून पहिल्या दोघांची लढत लावायची पद्धत आली, 2014 पासून चार संघांची बाद फेरी आणि 2024 पासून बारा संघांची. तिथे पैशाचे राजकारण आपल्यापेक्षा मोठे आहे. तरीही एवढे त्यांना मान्य करावे लागले की विजेता मैदानावरच ठरला पाहिजे आणि तो एकच असला पाहिजे.

मग आपण काय करावे? माझ्या मागण्या सरळ आहेत.

पहिली, पदवी एक, स्पर्धा एक. संघ आणि परिषद यांचे जुळेपर्यंत क्रीडा खात्याने दोघांची संयुक्त समिती नेमावी. ती मान्य नसेल त्या संघटनेला सरकारी मैदान नाही, निधी नाही आणि मंत्र्यांनी तिच्या व्यासपीठावर पाय ठेवू नये. शिक्षा आयोजकांना व्हावी, पैलवानांना नको.

दुसरी, मातीतून दोन आणि गादीतून दोन असे चार जण पुढे यावेत. मातीचा पहिला विरुद्ध गादीचा दुसरा ही उपांत्य लढत मातीवर, गादीचा पहिला विरुद्ध मातीचा दुसरा ही गादीवर. अंतिम लढत एक वर्ष मातीवर, एक वर्ष गादीवर. निदान एक चूक झाली तरी वर्ष संपणार नाही.

तिसरी, चित्रीकरण पाहून दाद मागण्याचा नियम स्पर्धेआधी छापून प्रत्येक पैलवानाच्या हातात द्यावा. फेरनिर्णय प्रेक्षकांसमोर, पडद्यावर व्हावा.

चौथी मागणी मला सर्वात महत्त्वाची वाटते. गदा फक्त 86 किलोच्या वरच्या गटाला मिळते. बाकी वजनगटांचे विजेते दुपारच्या उन्हात, रिकाम्या खुर्च्यांसमोर पदक घेऊन घरी जातात. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणले ते 57 किलो गटात. आजच्या रचनेत खाशाबा महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात उतरूच शकले नसते. ज्या मातीने स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले, तिच्या सर्वात मोठ्या स्पर्धेत त्या वजनाच्या पोराला संध्याकाळचे अर्धा तास व्यासपीठही नसावे?

यातले काहीही अवघड नाही. उरुसातल्या हगाम्यात चच्चांनी पाहिलेला नियम याहून साधा होता. पुकारा झाला की जोड लागायची, पंच गावाने मानलेला असायचा, कुस्ती निकाली झाली नाही तर बरोबरीत सोडवायचे आणि इनाम दोघांत वाटून द्यायचे. तिथे रेवड्यांवर लढणाऱ्या पोरालाही माहीत असायचे की आपण जिंकलो की हरलो.

पुढच्या वर्षी चच्चांनी तोच प्रश्न विचारला, तर मला एकच नाव सांगता यावे. ते नाव मोहोळ असो, शेळके असो, राक्षे असो की शेख.