उएनोचे हत्ती आणि वाक्यातून गाळलेला कर्ता

टोकियोचे उएनो प्राणिसंग्रहालय २० मार्च १८८२ रोजी उघडले. जपानमधील हे सर्वांत जुने प्राणिसंग्रहालय. दरवर्षी वर्धापनदिनी तेथे प्रवेश विनामूल्य असतो आणि मुलाबाळांसह अवघी कुटुंबे लोटतात. या उत्सवाविषयी माझी तक्रार नाही. या स्थळाची जी गोष्ट मुलांना पिढ्यानपिढ्या सांगितली गेली, तिच्याविषयी मात्र आहे. आजचा धागा त्या गोष्टीवर.

ती गोष्ट थोडक्यात अशी. महायुद्ध पेटले होते. टोकियोवर रोज बॉम्ब पडत होते. पिंजरे फुटून हिंस्र श्वापदे रस्त्यावर आली तर काय, या भीतीने लष्कराच्या हुकमावरून त्यांना विष देण्यात आले. जॉन, टोंकी आणि वानरी हे तीन हत्ती विषारी बटाटे ओळखून बाजूला टाकत. त्यांच्या कातडीत सुई शिरेना. अखेर त्यांना उपाशी ठेवण्यात आले. माहूत रडत राहिले, हत्ती मेले, आणि सर्वांनी आकाशाकडे पाहून आक्रोश केला की युद्ध थांबवा.

त्सुचिया युकिओ यांचे या विषयावरचे बालपुस्तक १९५१ मध्ये आले. पुढे ते शाळेत शिकवले गेले, आणि १९६७ पासून कित्येक वर्षे १५ ऑगस्टच्या सुमारास रेडिओवर त्याचे वाचन होत असे. जपानमध्ये ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस विरळाच.

आता तारखा पाहू. आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही एक खोडच असते.

हत्यांचा आदेश आला ऑगस्ट १९४३ मध्ये. टोकियोवर तोपर्यंत एकच हवाई हल्ला झाला होता, तोही सोळा महिन्यांपूर्वी, १८ एप्रिल १९४२ रोजी. बी-२९ विमानांचे हल्ले सुरू झाले २४ नोव्हेंबर १९४४ ला, म्हणजे आदेशानंतर सव्वा वर्षाने. हत्ती उपासमारीने मरत होते तेव्हा टोकियोच्या आकाशात शत्रूचे एकही विमान नव्हते. जपानमध्येच बालसाहित्याचे अभ्यासक हासेगावा उशिओ यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी या विसंगतीवर बोट ठेवले होते. गोष्टीची लोकप्रियता त्याने फारशी घटली नाही.

मग आदेश दिला कोणी? टोकियोचे गव्हर्नर ओदाची शिगेओ यांनी. हे मुलकी अधिकारी. त्यापूर्वी ते जपानव्याप्त सिंगापूरचे महापौर होते. युद्धाची झळ जवळून पाहिलेल्या या माणसाला राजधानीतील जनता फार निर्धास्त वाटली, आणि तिला हादरा देण्यासाठी त्याने लाडक्या प्राण्यांची निवड केली, असा अलीकडच्या इतिहासकारांचा निष्कर्ष आहे. मला तो पटतो, आणि त्याचे कारण पुढच्या दोन घटनांत आहे.

पहिली घटना. संग्रहालयाचे प्रमुख कोगा तादामिची लष्करी सेवेत असल्याने कारभार फुकुदा साबुरो पाहत होते. त्यांनी टोंकीला सेंदाईच्या प्राणिसंग्रहालयात हलवण्याची खटपट केली. ओदाचींनी ती हाणून पाडली. केवळ नागरिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असता, तर हत्तीण शहराबाहेर जाण्याने तो सुटतच होता.

दुसरी घटना मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. ४ सप्टेंबर १९४३ रोजी संग्रहालयात मृत प्राण्यांसाठी जाहीर शोकसभा झाली. भिक्षूंनी सूत्रपठण केले. गव्हर्नर आले, शाळकरी मुले आली. जॉन २९ ऑगस्टला मेला होता; परंतु ज्यांचा शोक चालला होता त्यांपैकी टोंकी आणि वानरी त्या क्षणी जिवंत होत्या. हत्तीखान्यापुढे काळेपांढरे पडदे लावून त्यांना झाकले होते. वानरी मेली ११ सप्टेंबरला, टोंकी २३ सप्टेंबरला.

(जॉन आणि टोंकी १९२४ मध्ये भारतातून गेले होते. वानरी १९३५ मध्ये सियामहून भेट म्हणून आली होती.)

मारल्या गेलेल्यांत 'हाक्को' नावाचा एक बिबट्याही होता. चीनच्या आघाडीवरील जपानी सैनिकांनी त्याला पिल्लू असल्यापासून वाढवले होते आणि तो सुरक्षित राहावा म्हणून उएनोला पाठवला होता.

इथे कोणी म्हणेल, की युद्धकाळात असे सर्वत्र झाले. काही अंशी खरे आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर होताच लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने विषारी साप मारले. पण तेथील हत्ती व्हिप्सनेडला हलवले गेले. खुद्द जपानमध्ये नागोयाच्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयाने दबाव झेलून माकानी आणि एल्डो हे दोन हत्ती युद्धाअखेरपर्यंत जगवले. १९४९ मध्ये ते पाहण्यासाठी मुलांकरिता खास 'हत्ती-गाड्या' सोडल्या गेल्या. म्हणजे दुसरा मार्ग होता, आणि तो त्याच देशात, त्याच युद्धात कोणीतरी निवडला होता.

आपल्याकडे या कथेचा फक्त शेवट ठाऊक असतो. टोकियोच्या मुलांनी हत्ती मागितला, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी 'इंदिरा' नावाची हत्तीण पाठवली. ही भेट माझी नसून भारतातील मुलांनी जपानमधील मुलांना दिलेली आहे, अशा आशयाचे त्यांचे पत्र प्रसिद्धच आहे. इंदिरा १९८३ पर्यंत जगली. आपण हा प्रसंग अभिमानाने सांगतो, आणि का सांगू नये? मात्र उएनोचा हत्तीखाना मुळात रिकामा का होता, हे आपणही विचारत नाही.

मराठीत कर्मणी प्रयोगाची मोठी सोय आहे. 'हत्तींना मारण्यात आले' असे म्हटले की कर्ता सांगावा लागत नाही. त्या बालपुस्तकाने सबंध गोष्टच अशा प्रयोगात रचली आहे. गुन्हेगार कोण, तर युद्ध. युद्ध कोणी पुकारले, आदेशावर सही कोणाची, सेंदाईचा मार्ग कोणी बंद केला, हे प्रश्न मुलांच्या मनात उठूच नयेत अशी तिची मांडणी आहे. त्सुचियांच्या हेतूविषयी मला शंका नाही. युद्धाचा तिटकारा वाटावा, हीच त्यांची इच्छा असावी. परंतु बॉम्बचा काळ सव्वा वर्ष अलीकडे ओढल्याने निर्णय घेणारा माणूस सुटला आणि सगळा दोष आकाशातील विमानांवर गेला.

वर्धापनदिनी प्राण्यांच्या स्मृतिशिळेपुढे मुलांना थांबवून तारखांसह ही हकीकत सांगावी, असे माझे मत आहे. त्यात गव्हर्नरचे नाव असावे, फुकुदांची फसलेली धडपड असावी, आणि तो पडदाही असावा. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे झेपणार नाही, असा आक्षेप येईल. पण हत्ती भुकेने तडफडून मेले, हे त्याच वयाच्या मुलांना सत्तर वर्षे ऐकवले जात आहे. त्यातील सर्वांत क्रूर भाग त्यांना आधीच ठाऊक आहे. लपवले आहे ते फक्त एका अधिकाऱ्याचे नाव.