खेळणारा कोण आणि खेळविणारा कोण?

मोबाईलवरील खेळांविषयीं दोन तक्रारी हल्लीं वारंवार कानीं पडतात. पालक म्हणतात, "मुलगा ऐकत नाहीं, एकदां तो खेळ हातीं आला कीं त्याला जेवणाची, अभ्यासाची, झोपेची शुद्ध राहत नाहीं." विद्यार्थी म्हणतात, "आम्हांला सोडवत नाहीं. आणखी एक डाव, आणखी एक डाव, असें म्हणतां म्हणतां रात्र होते." दोन्ही तक्रारी नीट ऐकल्या तर असें दिसून येईल कीं, भांडणारे दोन पक्ष एकच गोष्ट सांगत आहेत. ती ही कीं, खेळ थांबविण्याचा अधिकार खेळणाऱ्याच्या हातीं उरलेला नाहीं. हें खरें असेल, तर प्रश्न केवळ डोळ्यांच्या आरोग्याचा किंवा परीक्षेंतील गुणांचा राहत नाहीं. मनुष्य आपल्या इच्छेचा धनी आहे कीं नाहीं, या जुन्या आणि गहन प्रश्नाचें तें एक लहानसें, पण घरोघरचें रूप ठरतें. त्याचाच थोडासा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे खेळ मुळांतच वाईट, असें आमचें मत नाहीं. कादंबऱ्या वाचून तरुण बिघडतात, असें एके काळीं म्हणत. पुढें तोच आरोप सिनेमावर आला. ज्या कोल्हापुरांत १९२९ सालीं प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, त्या कोल्हापुरास हें वेगळें सांगावयास नको कीं, नव्या करमणुकीकडे नाक मुरडून पाहणें सोपें असतें आणि तिचा गुण ओळखणें कठीण असतें. व्हिडिओ गेमची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. १९७२ सालच्या 'पाँग' या खेळांत पडद्यावर कांहीं रेघा आणि एक ठिपका, एवढेंच काय तें दिसे. १९८४ सालीं मॉस्को येथें अलेक्सेइ पाजित्नव यांनीं रचलेल्या 'टेट्रिस'मध्यें वरून पडणारे ठोकळे फट न ठेवतां बसवावयाचे, इतकीच गंमत होती. आज त्याच धंद्यांत चित्रकार, संगीतकार, गणिती आणि कथालेखक एकत्र बसून काम करतात. अशा खेळांत चपळाई लागते, योजकता लागते, आणि दूरच्या सोबत्याशीं मिळून वागण्याची संवयहि लागते, हें आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु जुन्या खेळांत आणि या खेळांत एक मोठा भेद आहे, आणि त्याकडे बहुधा कोणाचें लक्ष जात नाहीं. जुन्या खेळांना शेवट होता. आट्यापाट्या, विटीदांडू, हुतुतू हे खेळ अंधार पडला कीं थांबत, पाय दुखले कीं थांबत, गडी घरीं गेले कीं थांबत. सिनेमाहि अडीच-तीन तासांनीं संपतो. मोबाईलवरील कित्येक खेळांस मात्र सूर्यास्त नाहीं, दमणारे गडी नाहींत आणि शेवटचा पडदाहि नाहीं. एक पायरी चढली कीं दुसरी पुढें उभीच असते. आज आलां नाहींत तर ठरलेलें बक्षीस बुडेल, अशी धास्तीहि त्यांत घातलेली असते. हा योगायोग नव्हे. जे खेळ फुकट मिळतात, त्यांच्या मालकांचें उत्पन्न खेळणारा किती वेळ गुंतून राहतो आणि खेळांतील वस्तूंवर किती खर्च करतो, यांवरच अवलंबून असतें.

गुंतवून ठेवण्याची ही विद्या कशी चालते, हें कबुतरांवरून चांगलें कळतें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर व त्यांचे सहकारी चार्ल्स फर्स्टर यांनीं १९५७ सालीं आपल्या प्रयोगांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पिंजऱ्यांतील कळीवर कबुतरानें चोंच मारली कीं त्याला दाणा मिळे. ठराविक टोचण्यांनंतर दाणा मिळाला, तर कबूतर तो खाऊन थोडा विसावा घेई. पण कितव्या टोचण्यास दाणा मिळेल याचा नेम नसला, तर तें विसावा न घेतां टोचीतच राही. खेळांतील ज्या पेटींत काय निघेल हें उघडल्यावांचून कळत नाहीं, ती पेटी आणि तो दाणा यांत तत्त्वतः भेद नाहीं.

येथें आपल्याकडील मोक्षपटाची आठवण होते. आजच्या सापशिडीचा हा पूर्वज. परंपरा त्याचें श्रेय ज्ञानेश्वरांस देते. शिडीच्या तळाशीं सद्गुण, सापाच्या तोंडीं दुर्गुण आणि शेवटच्या घरीं मोक्ष, अशी त्याची मांडणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडांत जाऊन तेथेंहि रुळला. आतां गंमत पहा. मोक्षपटांत खेळणाऱ्यास निवड अशी मुळींच नाहीं. जितकें दान पडेल तितकीं घरें चालावयाचीं. परंतु पट गुंडाळून उठण्यास त्याला कोणी अडवीत नसे. उलट उठल्यावर त्यानें शहाणपणानें वागावें, हाच पट मांडणाऱ्याचा हेतु होता. आजच्या खेळांत क्षणोक्षणीं निवड आहे: डावीकडे जावें कीं उजवीकडे, हें हत्यार घ्यावें कीं तें. फक्त उठावें कीं बसावें, ही जी खरी महत्त्वाची निवड, तीच तेवढी मांडणाऱ्यास नकोशी असते. पटाच्या आंत शंभर स्वातंत्र्यें देऊन पटाबाहेरचें एक स्वातंत्र्य काढून घ्यावयाचें, असा हा सौदा आहे.

मग आपलें मन या गळास लागतें तरी कां? याचें उत्तर उत्क्रांतिवादांत सापडतें. चार्ल्स डार्विन यांनीं १८५९ सालीं मांडलेला हा विचार आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकांतून कित्येक विद्यार्थी शिकले. पण तो परीक्षेपुरता पाठ करून सोडून देण्यासारखा नाहीं. मांजराचें पिल्लू दोऱ्याच्या गुंड्यावर झडप घालतें, ती त्याच्या शिकारीची तालीम असते. मनुष्याचेंहि तसेंच आहे. झाडीपलीकडे काय आहे हें पाहण्याची उत्सुकता, जेथें अवचित लाभ झाला तेथें पुन्हां जाण्याची ओढ, आपल्या टोळींत पत टिकविण्याची धडपड, या प्रवृत्ति ज्यांच्या ठायीं होत्या, ते रानावनांत जगले आणि आपण त्यांचे वंशज आहों. गोड फळ दुर्मिळ होतें तेव्हां गोडाची आवड हितकर होती. आतां कोपऱ्यावर मिठाईचें दुकान आहे आणि जीभ मात्र जुनीच आहे. मोबाईलवरील खेळ म्हणजे आपल्या उत्सुकतेपुढें मांडलेलें मिठाईचें दुकान होय. पालकांनीं हें लक्षांत घेतलें तर 'निर्लज्ज', 'आळशी' हे शब्द त्यांच्या तोंडून पुष्कळ कमी निघतील. ज्या ओढीशीं मूल झगडत असतें, ती त्यानें निर्माण केलेली नसते.

"तर मग आमचा काय दोष?" असें एखादा हुषार विद्यार्थी येथें विचारील. निसर्गानें मन असें घडविलें आणि कारागिरांनीं खेळ तसा घडविला. मग मधल्यामध्यें आम्हीं करावें तरी काय? हें समर्थन फार जुनें आहे. महाभारतांत धर्मराज पहिल्या द्यूतांत सर्वस्व हरतो, तें त्याला परत मिळतें, आणि पुन्हां बोलावणें येतांच सारें समजत असूनहि तो पटावर जाऊन बसतो. तेव्हांहि तो विधात्याच्या इच्छेकडेच बोट दाखवितो. धर्मराजासारख्याची जर ही गत, तर आपली काय कथा, असें कोणासहि वाटेल.

विज्ञानानेंहि या समर्थनास कांहींसा आधार दिल्यासारखें प्रथमदर्शनीं दिसतें. १९८३ सालीं अमेरिकेंतील बेंजामिन लिबेट यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनुष्य आपण होऊन हात हलवितो त्यापूर्वीं सुमारें अर्धा सेकंद त्याच्या मेंदूंत तयारी सुरू झालेली असते. 'आतां हलवूं' ही जाणीव मात्र त्याला हालचालीपूर्वीं केवळ एक पंचमांश सेकंद होते. यावरून कित्येकांनीं इच्छास्वातंत्र्य हा भ्रम ठरविला. स्वतः लिबेट यांचें मत तसें नव्हतें. उरलेल्या अवधींत मनुष्य 'नको' म्हणूं शकतो, असें ते मानीत. पुढें २०१२ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं असें मांडलें कीं, ती पूर्वतयारी म्हणजे निर्णय नसून मेंदूंतील सहजचढउतारांचा परिणामहि असूं शकेल. वाद अद्याप मिटलेला नाहीं.

आमच्या मतें मात्र स्वातंत्र्य त्या पंचमांश सेकंदांत शोधणें, हीच चूक आहे. ओढ न बोलावतां येते, हें आम्ही मान्य करतों. पण ज्यानें संध्याकाळींच मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवून दिला, त्याला मध्यरात्रीं त्या पंचमांश सेकंदाशीं झुंजावें लागत नाहीं. ज्या उत्क्रांतीनें आपल्याला ओढ दिली, तिनेंच आपल्याला पुढचें पाहण्याची शक्तीहि दिली. ज्येष्ठांत घरांत दाणा कमी असला तरी शेतकरी बियाणें खात नाहीं. तें त्यानें आधींच वेगळें बांधून ठेवलेलें असतें. मोहाच्या क्षणीं दाखविलेल्या बळापेक्षां मोहापूर्वीं केलेली व्यवस्था, हेंच मनुष्याच्या स्वातंत्र्याचें खरें स्थान होय.

ही व्यवस्था सरकारनें करावी, असें कित्येक पालक म्हणतात. सरकारनें कांहीं केलेंहि आहे. २०२० च्या सप्टेंबरांत 'पबजी मोबाईल' या खेळावर बंदी आली. पण २०२१ सालीं त्याचाच भाऊबंद दुसऱ्या नांवानें हजर झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला, त्याचें आम्ही स्वागत करतों. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगवर्गीकरणांत अनावर खेळण्याचाहि एक विकार म्हणून समावेश आहे; मात्र ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टी मागें पडणें आणि नुकसान दिसत असूनहि खेळत राहणें, हीं लक्षणें साधारणतः वर्षभर टिकलीं तरच तो विकार मानावा, असें तेथें सांगितलें आहे. तेव्हां खेळकर मुलास रोगी म्हणूं नये. आणि ज्याला खरोखर विकार जडला असेल त्यास मारहाण न करतां वैद्याकडे न्यावें. परंतु रात्रीं दहा वाजतां आपल्या घरांतला पडदा बंद करावयास ना संसद येणार, ना वैद्य.

मग तो कोणीं बंद करावा? याचें एक उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यानें दिलें आहे. सांगली जिल्ह्यांत कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचे वडगांव म्हणून एक गांव आहे. साथीच्या काळांत शाळा मोबाईलवर भरली. शाळा पुन्हां उघडली तरी मुलांच्या हातांतून मोबाईल सुटेना आणि मोठ्यांचा दूरदर्शनहि थांबेना. तेव्हां २०२२ सालीं त्या गांवानें ठराव केला कीं, रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत घरोघर मोबाईल व दूरदर्शन बंद ठेवून मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें, एकमेकांशीं बोलावें. हें करण्यास त्यांना कोणत्याहि कायद्यानें भाग पाडलें नव्हतें.

कोणी म्हणेल, भोंग्यानें वागणें ही गुलामगिरीच नव्हे काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. खेळांतील घंटी दुसऱ्यानें, त्याच्या नफ्यासाठीं, आपल्याला न विचारतां बसविलेली असते. वडगांवचा भोंगा गांवानें स्वतः, विचार करून, स्वतःच्या हितासाठीं बसविला. दोन्ही आवाजांनीं मनुष्य हलतो. पण एकानें तो खेळविला जातो आणि दुसऱ्यानें तो स्वतःच्याच शब्दास जागतो.

कोल्हापुरास हें तत्त्व नवें नाहीं. राजर्षि शाहूमहाराजांनीं बांधविलेलें खासबाग मैदान आपल्या गांवांत आहे. १९५२ सालीं हेलसिंकी येथें ऑलिंपिक पदक जिंकणारे खाशाबा जाधव येथल्या राजाराम कॉलेजांत शिकले. मैदानांत दिसतो तो एका क्षणाचा डाव; पण त्यामागें पहाटेची ठरलेली वेळ, लाल माती, वस्तादाचा धाक आणि जोडीदारांची संगत असते. एकट्यानें, लहर लागेल तेव्हां, कोणी पहिलवान झालेला नाहीं. इच्छाशक्तीचेंहि असेंच आहे. ती कोणी जन्मतः घेऊन येत नाहीं. ती तालमींत कमवावी लागते.

आणि तालमींत वस्ताद स्वतः मातींत उतरतो. पालकवर्गास आमची नम्र विनंति एवढीच कीं, मुलास 'तो मोबाईल ठेव' असें सांगतांना आपल्या हातांत काय आहे, तें एकदां पाहावें. जेवणाच्या ताटाशीं वडिलांचा मोबाईल आणि उशाशीं आईचा मोबाईल असेल, तर मुलास केलेला उपदेश वाऱ्यावर जाईल. विद्यार्थिमित्रांना सांगावयाचें तें याहून लहान आहे. खेळा, जरूर खेळा. पण खेळ सुरू करण्यापूर्वींच तो केव्हां थांबवावयाचा हें घरांतील कोणास तरी बोलून दाखवा, आणि ती वेळ आली कीं चालू डाव हरत असला तरी उठा. जिंकतांना उठणें सोपें असतें; हरतांना जो उठूं शकला, तो त्या दिवशीं खरोखर खेळला, इतर दिवशीं त्याला दुसऱ्या कोणीं तरी खेळविलें.