‘त्याने’कडून ‘त्याला’कडे

युद्धावरून परतलेल्या एका सैनिकाची व्यथा सांगणारा चित्रपट आपोआप युद्धविरोधी ठरतो, असा समज साहित्याच्या वर्गांत आणि समीक्षेत चांगलाच रुजला आहे. आम्हांस तो मान्य नाही. अशा चित्रपटांपैकी बहुतेक युद्धाला विरोध करीत नाहीत; ते युद्धाचे व्याकरण तेवढे बदलतात. रणांगणावर ‘त्याने गोळी झाडली’ असे वाक्य असते. घरी परतल्यावर ‘त्याला झोप लागत नाही’, ‘त्याला स्वप्ने पडतात’ अशी वाक्ये सुरू होतात. ‘त्याने’चा ‘त्याला’ झाला, की कर्ता पाहता पाहता भोक्ता होतो, आणि ज्यांच्यावर गोळी झाडली गेली ते वाक्यातूनच बाहेर पडतात.

उदाहरण मुद्दाम दुबळे घेत नाही. ऑलिव्हर स्टोन यांचा ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ (१९८९) हा या परंपरेतला अत्यंत प्रामाणिक चित्रपट. दिग्दर्शक स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले. पटकथेत, ज्यांच्या आयुष्यावर तो बेतला आहे त्या रॉन कोविक यांचाही सहभाग. या चित्रपटात नायकाच्या हातून दोन अपराध घडतात. त्याच्या तुकडीच्या गोळीबारात एका खेड्यातील बायका-मुले मारली जातात. आणि लगेच उडालेल्या गोंधळात त्याच्या गोळीने त्याचाच एक सहकारी मरतो. पुढे पांगळा झालेला नायक जॉर्जियात जाऊन त्या सहकाऱ्याच्या आईवडिलांसमोर आणि विधवेसमोर कबुली देतो. प्रसंग विलक्षण ताकदीचा आहे. परंतु त्या खेड्यातील कुटुंबाचे काय? तिकडे कोणी जात नाही. नायक पुढे भाषणांतून व्हिएतनामी जनतेविषयी बोलतो, हे खरे. पण उल्लेख होणे आणि पात्र होणे यांत फार अंतर आहे.

यावर उत्तर ठरलेले असते : कला नेहमी एकाच माणसातून अनेकांपर्यंत पोहोचते, आकडेवारीला रडता येत नाही. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. आमचे भांडण ‘एका’शी नाहीच, तो एक दर वेळी कोण असतो, याच्याशी आहे. डांग न्हात मिन्ह यांच्या ‘व्हेन द टेन्थ मंथ कम्स’ (१९८४) या व्हिएतनामी चित्रपटातही एकच स्त्री केंद्रस्थानी आहे. नवरा युद्धात गेल्याची बातमी ती आजारी सासऱ्यापासून लपवते आणि गावातल्या शिक्षकाकडून नवऱ्याच्या नावाने पत्रे लिहवून घेते. दुःख एकीचे, तरी त्यात सारे गाव ओढले जाते.

‘पण सैनिकाला बोलता येते ते स्वतःच्या जखमेविषयीच’ असेही म्हटले जाते. इतिहास तसे सांगत नाही. १९७१ च्या आरंभी डेट्रॉइट येथे शंभराहून अधिक माजी सैनिकांनी आपण व्हिएतनाममध्ये काय केले आणि काय पाहिले, याच्या जाहीर साक्षी दिल्या. ‘विंटर सोल्जर’ (१९७२) या माहितीपटात त्या नोंदल्या आहेत. तिथे ‘मी केले’ हे वाक्य आहे. ते उच्चारण्याचे धैर्य त्या तरुणांत होते. नंतरच्या कथापटांनी मात्र त्यांना ‘मला झाले’ एवढेच बोलू दिले.

१९८२ साली वॉशिंग्टनमध्ये उभारलेल्या स्मारकभिंतीवर आज ५८ हजारांहून अधिक अमेरिकी नावे आहेत. व्हिएतनाम सरकारने १९९५ साली दिलेल्या अंदाजानुसार त्या युद्धात सुमारे २० लाख नागरिक आणि ११ लाख लढवय्ये मेले. हे प्रमाण ध्यानात ठेवून या चित्रपटांकडे पाहिले, म्हणजे त्यांतील करुणा किती अरुंद वाटेने वाहते ते कळते.

स्टोन यांना बहुधा हे जाणवले असावे. १९९३ मध्ये त्यांनी ‘हेवन अँड अर्थ’ काढला. तो ले ली हेस्लिप या व्हिएतनामी स्त्रीच्या आठवणींवर आधारलेला आहे. दिग्दर्शक तोच, युद्ध तेच; चित्रपट मात्र तिकीटखिडकीवर साफ पडला. तेव्हा दोष एकट्या चित्रकर्त्यांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. कोणाचे दुःख पाहायला आपण पैसे मोजतो, हाही समीक्षेचाच प्रश्न आहे. अभ्यासक्रमात पहिला चित्रपट लावणाऱ्या अध्यापकांनी त्यासोबत दुसराही लावावा, आणि जॉर्जियातील तो प्रसंग संपताच विद्यार्थ्यांना विचारावे : दुसऱ्या घरी कोण गेले?