गट आहे, पण बसायचं कुठे?

आषाढात माउलींची पालखी माळशिरसहून निघते, खुडूस फाट्याला रिंगण होतं, पुढे वारकरी उतारावरून धावा करत येतात आणि संध्याकाळी वेळापुरात मुक्काम पडतो. त्या एका रात्रीपुरतं आमचं गाव कितीतरी पटींनी मोठं होतं. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांचं माहेर किंवा सासर पालखीच्या वाटेवर आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पीठ कुणाच्या घरचं, चूल कुणाच्या दारातली, भाकरी थापणारीचं आडनाव काय, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. पाण्याचे ड्रम, दिंड्यांच्या राहुट्या, म्हाताऱ्या वारकरणींना आंघोळीला आडोसा, सगळं जागच्या जागी होतं. सकाळी पालखी भंडीशेगावकडे निघाली की गाव झाडूनही आपणच काढतो.

मग उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत आम्हाला काय होतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. परवा तर तो फारच टोचला.

झालं असं, की आमच्या भागातल्याच एका गावात ग्रामसंघाच्या बैठकीला मला बोलावलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते कोणतंही असू शकेल. ग्रामसंघ म्हणजे गावातल्या सगळ्या बचत गटांच्या प्रतिनिधींचा एकत्र संघ. मी पोहोचले तर पंचवीस-तीस बायका शाळेच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली उभ्या. शाळेची किल्ली मिळाली नव्हती. एक म्हणाली, देवळाच्या सभामंडपात बसू. त्यावर दोघी-तिघी एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. दुसरी म्हणाली, आमच्या समाजमंदिरात चला, तिथं कोण अडवणार? तेव्हा वेगळ्या चौघी गप्प झाल्या. शेवटी लिंबाखालीच सतरंजी टाकली. हिशेबाची वही वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर चप्पल ठेवली. लक्ष्मीच्या वहीवर चप्पल! पण इलाज नव्हता.

बैठकीनंतर एका गटाच्या सचिव ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मागची बैठक माझ्याच घरी घेतली होती. वीस कप चहा केला. सात कप तसेच राहिले. त्या दिवशी बुधवार होता आणि सातजणींना उपवास होता म्हणे." एवढं बोलून त्या हसल्या. त्यानंतर त्यांनी बैठक घरी घेतलेली नाही आणि त्यांच्या गल्लीतली दुसरी बाई तर बैठकीला यायचीच बंद झाली. कुणी कुणाला वाईट बोललं नव्हतं. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. नुसते सात कप.

आता जरा मागे जाऊन बघू या. आपल्याकडे बचत गट काही आजचे नाहीत. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं 'माविम', १९७५ साली स्थापन झालं. गटांना बँकांशी जोडण्याची नाबार्डची योजना १९९२ ची. राज्याचं 'उमेद' अभियान २०११ पासूनचं. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे ही पंचसूत्री आज गावातल्या शाळकरी पोरीलाही पाठ असते, कारण आई ती घोकत असते. २०२३ मध्ये राज्य सरकारनं गटांचा फिरता निधी १५ हजारांवरून ३० हजार रुपये केला, गटांना मदत करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्तींचं मानधन ३ हजारांवरून ६ हजार केलं. चांगलंच झालं. पण या सगळ्यात बसायला जागा कुठून आणायची, याचं उत्तर कुणी नीट दिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, जागेचं एवढं काय? सांगते. गट बांधताना सांगितलं जातं, की एकाच वस्तीतल्या, सारख्या परिस्थितीतल्या, एकमेकींवर विश्वास असणाऱ्या दहा-बाराजणी घ्या. त्यात चूक काहीच नाही. उलट मी तर म्हणेन, त्यामुळेच कितीतरी बायका पहिल्यांदा तोंड उघडून बोलल्या. बागायतदाराच्या बायकोशेजारी बसून तिच्याच रानात खुरपायला जाणारी बाई कशाला हिशेब विचारेल? तिला आधी तिच्यासारख्यांमध्येच बळ यायला हवं. म्हणून गट गल्लीचा असतो. पण आपल्याकडे गल्ली म्हणजे काय, हे काय मी सांगायला हवं? गावात मराठा, धनगर, माळी, मुस्लिम, बौद्ध, मातंग, रामोशी, लिंगायत, सगळे आहेत आणि बहुतेक सगळ्यांच्या गल्ल्या ठरलेल्या आहेत. म्हणजे गट कागदावर वस्तीचा आणि प्रत्यक्षात जातीचा होतो. या सगळ्याजणी एकमेकींसमोर पहिल्यांदा बसतात त्या ग्रामसंघात. आणि ग्रामसंघालाच नेमकी हक्काची जागा नसते!

देऊळ एकाचं, समाजमंदिर दुसऱ्याचं, मशिदीच्या आवारातला हॉल तिसऱ्याचा. त्यातली कुठलीही जागा वाईट नाही. पण ज्याच्या जागेत आपण जातो, त्याचे आपण पाहुणे होतो आणि पाहुण्याला 'व्याजदर चुकीचा लावलाय' असं बोलता येत नाही. सामाईक जागा म्हणजे जिथं कुणीच कुणाची पाहुणी नाही, अशी जागा.

अशी जागा गावात करता येते का? येते की. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी, तो वेगळाच. २००३ च्या कायदादुरुस्तीनं नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेणं बंधनकारक केलं. २०११ पासून तर स्थानिक संस्थांत निम्म्या जागा आपल्याच आहेत. आता प्रामाणिकपणे सांगा, तुमच्या गावची महिला ग्रामसभा शेवटची कधी झाली? मी हा प्रश्न ज्या-ज्या गावात विचारला, तिथं आधी शांतता आणि मग, "शिपाई रजिस्टर घेऊन घरी आला होता, सही घेऊन गेला" हे उत्तर! दहा टक्क्यांतून शिलाई मशीन घेतात, अंगणवाडीला खेळणी घेतात. घ्यावीत. पण एक खोली, दोन पंखे, एक कुलपाचं कपाट आणि त्याची किल्ली ग्रामसंघाच्या हाती, एवढं मागितलं तर ते काही फार नाही. नवी इमारतच पाहिजे असंही नाही. जुनी चावडी, बंद पडलेला वाचनालयाचा हॉल, वर्गखोली, काहीही चालेल. सही-शिक्क्याचा ठराव मात्र पाहिजे. तोंडी परवानगी निवडणूक झाली की बदलते.

केरळात १९९८ साली 'कुटुंबश्री' सुरू झाली, तेव्हा त्यांनी एक गोष्ट शहाणपणानं केली. शेजारगट, त्यावर वॉर्डाचा संघ, त्यावर पंचायतीच्या पातळीवरचा संघ, अशी रचना केली, पदाधिकारी निवडणुकीनं येतात आणि हे सगळं पंचायतीशी जोडून दिलं. त्यामुळे बाई गटात आली की पंचायत तिला परकी राहत नाही. आपल्याकडे गट एका खात्याचा, पंचायत दुसऱ्या खात्याची आणि दोन्हींच्या मध्ये उन्हात उभी बाई!

एवढं लांब जायचंही कारण नाही. आमच्या तालुक्याची शीव ओलांडली की सातारा जिल्ह्यातला माण तालुका लागतो. तिथल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि दुष्काळी भागातल्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला, तो पहिल्यांदा नामंजूर झाला, कारण अर्ज करणाऱ्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या हटल्या नाहीत, पुन्हा गेल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणीही माणदेशीनं चालवली. पैशासाठी एकत्र आलेल्या बायका संकटातही एकत्र असतात, ते असं.

दुसरं उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचं. तिथल्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथा बंद करण्यासाठी ग्रामपंचायतींनी ठराव करावेत म्हणून मोहीम चालवली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला तसा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका छोट्या तालुक्यातल्या छोट्या मंडळाचं हे काम! पण ठराव झाला म्हणजे बांगड्या फोडणं थांबलं, असं होत नाही. ते थांबतं कधी? जेव्हा संक्रांतीला गटाच्या हळदी-कुंकवात नवरा गेलेली सभासद कोपऱ्यात न बसता पाटावर बसते. आणि पाटावर तिला बसवायला गट लागतो, परिपत्रकाला हात नसतात.

आता थोडं कडू बोलते. ऑगस्ट २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेचे महिना दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात यायला लागले. ज्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून कधी शंभर रुपये नव्हते, तिला त्याचं मोल विचारा. त्या पैशाला नावं ठेवणाऱ्यातली मी नाही. पण एक बदल मला दिसतो. काही गटांत बैठकीची हजेरी रोडावली. "पैसे खात्यात येतात, मग दर आठवड्याला कशाला बसायचं?" असं सरळ विचारतात. त्यांना वाटतं, गट म्हणजे पैसे मिळायची जागा. पैसे दुसरीकडून आले की गटाचं काम संपलं. खात्यात पैसे आले तरी दारुड्या नवऱ्यानं ते हिसकावले तर दारात उभं राहायला दहाजणी खात्यातून येत नाहीत ना!

दुसरा घोळ 'गट' या शब्दाचा. खासगी मायक्रोफायनान्सवाले येतात, पाच-दहा बायकांना बसवतात, एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांच्या मागे लागतात आणि त्यालाही गटच म्हणतात. तो गट नव्हे, ती हमीदारांची टोळी. तिथं बचत आपली नाही, व्याज आपल्यात फिरत नाही, ठराव आपला नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केला, की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. पण त्याच नियमांनी व्याजदरावरची जुनी मर्यादाही काढली. फॉर्मवर उत्पन्न कोण भरतं आणि किती भरतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. या कर्जाच्या वसुलीवरून शेजारणी-शेजारणींची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत आणि मग त्याच बायका खऱ्या गटातही एकमेकींसमोर बसेनात.

भजनी मंडळं, तरुण मंडळं, जयंतीच्या समित्या, उरसाची कमिटी यांचंही थोडं बोलायला हवं. या सगळ्यांकडे माणसं आहेत, वर्गणी गोळा करायची हातोटी आहे. कागद मात्र नाहीत. संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद, १८६० च्या कायद्याखाली नोंदणी, १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, दरवर्षी हिशेब, पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत फेरफार अर्ज. वेळापूरहून सोलापूरचं धर्मादाय कार्यालय शंभरेक किलोमीटर! संस्थापक वारले, फेरफार राहिला आणि मंडळ दोन गटांत फुटलं, अशी उदाहरणं गावोगाव सापडतील. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला द्यावेत, हा कायदा २०१३ चा. पण तो पैसा मिळवायला नोंदणी, करसवलतीचे दाखले आणि प्रकल्प अहवाल लिहिणारा माणूस लागतो. शिवाय कंपनीनं आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदाच म्हणतो. आमच्याकडे परिसर आहे, कंपनी कुठाय? त्यामुळे पुण्या-मुंबईच्या संस्थांना ते सोपं आणि लिंबाखालच्या बायकांना अवघड. त्यावर माझ्या मते इलाज एकच, तालुक्याला एक जाणता माणूस असावा, जो महिन्यातून एक दिवस बसून फुकट कागद करून देईल. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेल्या ताई असतात की आपल्याकडे. त्यांना कुणी बोलावतच नाही.

त्या लिंबाखालच्या बैठकीत शेवटी जागेचा ठराव लिहिला. महिला ग्रामसभेची तारीख लेखी मागायची, तिच्यात १० टक्के निधीचा जमाखर्च मागायचा आणि जुन्या चावडीची एक खोली ग्रामसंघाला द्यावी, असा अर्ज करायचा. अर्ज कुणी लिहायचा यावर चर्चा झाली तेव्हा तो सात कपवाल्या ताईंनीच लिहावा, असं ठरलं. कारण अक्षर त्यांचं सगळ्यात चांगलं. सह्या घ्यायला त्या गल्लीगल्लीत जाणार आहेत. मीही एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर जाईन म्हणते. चहा झाला तर तो त्यांच्याच घरी घेणार आहे, आणि येताना त्या दिवशी उपवास असलेल्या दोघींनाही घेऊन जाणार आहे. वार बघून. बुधवार टाळून.